राखेतला एक कमी

"हे काय रे?" मुखवटे घडवणाऱ्या पूर्ण बांनी विचारलं.

त्यांच्या मांडीवर धुतलेलं फडकं ताणलं होतं आणि फडक्यावर राख. मूठभर घ्यायची, बोटांनी फिरवायची, बारीक ती खाली ताटात, जाड ती बाजूला. चौथ्या मुठीला फडक्यावर हरभऱ्याएवढा काळा, चकचकीत गोळा उरला.

मी समोर उकिडवा बसलो होतो. राखेचं मडकं नदीवरून मीच उचलून आणलं होतं. आमच्या नाचणाऱ्यांच्या गणात जो सगळ्यात नवा, त्यानं मडकं आणायचं.

"नाणं असेल, बा. बायका चितेवर नाणी टाकतात."

"नाणं." त्यांनी गोळा नाकाशी नेला. सत्तरी उलटलेला माणूस, नजर मंदावली आहे, पण नाक अजून तिखट. "नाण्याला जळक्या चपलेचा वास कधीपासून यायला लागला?"

मी मडक्याचं तोंड पुसायला घेतलं.

"तेरा मुखवटे होते ना?"

"तेरा."

"तू मोजलेस?"

"मोजले."

हे खोटं नव्हतं. चितेवर तेराच जळले होते.

त्यांनी गोळा खिडकीच्या चौकटीवर ठेवला. टाकून दिला नाही. मग पुढची मूठ घेतली. "जा आता. हात धुऊन जा. देवांच्या राखेचे हात घेऊन पोह्यांवर बसू नकोस."

मी हात धुतले. तीनदा धुतले.

*

आम्ही नेपाळातल्या भक्तपूरचे बनमाला. फुलं लावणं, हार करणं हा आमचा धंदा. मी नगरपालिकेच्या बागेत माळी आहे. पण दसैंपासून, म्हणजे दसऱ्यापासून, आषाढापर्यंत नवदुर्गा आमच्या अंगावर असतात. नाव नवदुर्गा, पण देवींबरोबर भैरव वगैरे धरून मुखवटे तेरा. पूर्ण बा चित्रकार, ते मुखवटे करतात, आम्ही ते चढवून गल्ल्यागल्ल्यांतून नाचतो. आषाढात देवांचं मरण येतं. ब्रह्मायणी देवीच्या घाटावर चिता रचून सगळे मुखवटे जाळतात आणि राख मडक्यात भरून ठेवतात. श्रावणात ती राख पूर्ण बांकडे जाते. चिमूटभर नव्या मातीत, चिमूटभर नव्या रंगात. तिच्या वाटेनं देव जुन्या मुखवट्यातून नव्यात जातो.

इतकं सरळ आहे. यात चुकायला काही नाही. तरी मी चुकलो.

माझा दाजु, म्हणजे थोरला भाऊ, आशाकाजी. अकरा वर्षं तो श्वेतभैरव झाला. एरवी सायकली दुरुस्त करायचा. श्वेतभैरव मासे धरायला निघतो, आणि मासे म्हणजे रस्त्यातली पोरं. तो धावला की पोरं किंचाळत पांगतात, एखादं सापडलं की गल्ली हसून लोळते. दाजु गालांनी आणि पोटानं भरलेला. "मुखवटा काढला तरी पोरं मला ढेरीवरून ओळखतात," म्हणायचा.

वैशाखात एका गावच्या चौकात धावता धावता तो खाली बसला. लोक हसले. त्यांना वाटलं, मासा निसटला. तो आडवा झाला तेव्हा आणखी हसले. नाच पुरा होईपर्यंत मुखवटा काढायचा नसतो. वाद्यं थांबली, आम्ही धावत जाऊन दोऱ्या सोडल्या.

शेवटचा श्वास त्यानं आतच टाकला होता.

उरलेले दोन महिने तोच मुखवटा मी चढवला. गालांकडे सैल व्हायचा. आत दाजुचा घाम, तंबाखू, सायकलचं तेल, सगळं होतं. आषाढात चिता रचली आणि मला तो जाळणं जमलं नाही. आमच्या चौकातल्या दुकानातून पर्यटक घेतात तसला एक श्वेतभैरव आणला आणि लाल कापडात गुंडाळून तो चितेवर ठेवला. मला वाटलं होतं, कागदाचा असेल. आग लागली आणि काळाकुट्ट धूर उठला. घाटावरच्या म्हाताऱ्या एकमेकींना बिलगल्या. "यंदा काही खरं नाही," एक म्हणाली. दुसऱ्या दिवशी ते गावभर झालं.

खरा मुखवटा घरात आहे. तांदळाच्या कोठीत, तळाशी.

*

कोठी मोठी आहे, पण घरात खाणारी आम्ही दोघं, मी आणि भाउजू, दाजुची बायको. माझं लग्न झालेलं नाही. पुतणी सासरी बनेपाला. भाउजू सकाळी दोन मापं काढते, संध्याकाळी दोन. मी हिशेब केला होता, नवं धान्य घरात यायच्या आत तळ दिसणार नाही. मग श्रावणात पुतणी आणि जावई आठवडाभर राहून गेले, आणि जावई भातावर भात घेणारा.

रोज सकाळी भाउजू कोठीत वाकायची. तिचा हात खांद्यापर्यंत आत जायचा. मी चहाचा पेला तसाच धरून उभा राहायचो.

"असा काय बघतोस? कोठीत वाघ बसलाय?"

"नाही."

"मग पी चहा. साय आली त्याच्यावर."

एक दिवस चहा ओतताना म्हणाली, "आज पुन्हा आला होता तो."

"स्वप्नात?"

"नाहीतर काय दारात? म्हणतो, दोऱ्या सोड. गुदमरतंय." तिनं किटली खाली ठेवली. ती अजून पांढऱ्या लुगड्यात होती, वर्ष व्हायचं होतं. "मी म्हटलं, अहो, दोऱ्या मी कुठे बांधल्यात?"

मी कोठीकडे बघत राहिलो आणि पेला कलंडला. तिनं पाहिलं आणि पोतेरं पुढे सरकवलं.

*

श्रेष्ठ साहेब मला बागेत येऊन भेटले. काठमांडूच्या एका संग्रहालयातले. बूट चिखलात घालायला कचरत होते, म्हणून मी त्यांना पंपाच्या कट्ट्यावर बसवलं.

"तुम्ही लोक दर वर्षी जाळता," ते म्हणाले. "ऐकलं तरी मला झोप लागत नाही."

"आम्हालाही लागत नाही, साहेब."

"एक. फक्त एक मुखवटा द्या. काचेच्या कपाटात ठेवू. दमट हवा नाही, ऊन नाही, कीड नाही. पाचशे वर्षं राहील."

"मग तो नाचणार कधी?"

"नाचणार नाही. लोक बघतील."

"किती वेळ?"

"म्हणजे?"

"एक माणूस उभा राहून किती वेळ बघतो?"

साहेब माणूस खरा निघाला. थोडा विचार करून म्हणाला, "अर्धा मिनिट. वस्तू फार चांगली असली तर एक." मग चष्मा पुसत म्हणाला, "माझ्या आजोळी असंच एक नाचणं होतं. बंद पडलं. मुखवटा राहिला नाही, गाणं राहिलं नाही, एक फोटोसुद्धा नाही. आईला विचारलं तर ती नुसती हात असे असे करून दाखवायची. म्हणून मी गावोगाव फिरतो. तुम्ही चोर समजा हवं तर."

मी चोर समजलो नाही. मी त्या काचेच्या कपाटाचा विचार करत होतो. घरातून जाईल. भाउजूचा हात पोचणार नाही. उंदीर नाही, स्वप्न नाही. आणि दाजु राहील, जाणार नाही.

"समजा," मी म्हणालो, "एखादा उरलेला असला तर?"

साहेबांनी चष्मा घातला. पिशवीतून छापील कागद काढून माझ्या हातात दिला. "हे भरा. सवडीनं."

*

वस्तूचे नाव: ~~श्वेतभैरव.~~ ~~आशाकाजी.~~ श्वेतभैरव.

वस्तूचे वय: अकरा महिने.

पूर्ण बांनी तो मागच्या दसैंच्या आधी केला, म्हणून अकरा. पण त्याच्यात त्याच्या आधीच्या वर्षाची राख होती, आणि त्या राखेत त्याच्याही आधीची. तसं धरलं तर वय कोणालाच माहीत नाही. आणि तसं धरायचं तर ते यंदा तुटलं. किती पिढ्यांनी चिमूट चिमूट पुढे दिलेलं माझ्यापाशी येऊन तुटलं. एवढ्या रकान्यात हे मावत नाही.

वापरलेले साहित्य: काळी माती, ताग, कापूस, कागद, गव्हाची खळ, राख.

खळीसाठी पीठ द्यायला मी भाद्रपदात पूर्ण बांकडे गेलो. मुखवटे ओळीनं पालथे वाळत घातले होते. एक वेगळा, चुलीजवळ.

"हा इथे का?"

"वाळत नाही." त्यांनी माझं बोट धरून त्याच्या कपाळावर टेकवलं. बोटाचा ठसा उमटला. "बारा खडखडीत झाले. माती एक, पाऊस एक, हात एक. हा ओला."

"कोणता आहे?"

"तुझा."

मी बोट मागे घेतलं. बोटावर काळं लागलं होतं आणि ते गार होतं. चुलीजवळ असून गार.

"जाड झाला असेल थर," मी म्हणालो.

"असेल." पूर्ण बा खळ ढवळत राहिले. खिडकीच्या चौकटीवर तो गोळा तसाच होता. कोणीतरी त्याच्यावरची धूळ पुसत होतं. "दसैंला तो तुला चढवायचा आहे, बिकुलाल. मला नाही. मी नुसता करून देतो. आत कोण येतं, ते तू बघायचं."

"कोणी आलंच नाही तर?"

"रिकामं घर कधी रिकामं राहतं का रे?"

मी घरी आलो तो गल्लीच्या मधून चालत. भिंतीच्या कडेनं चालवेना. दारं उघडी होती आणि प्रत्येक दारातून कोणी ना कोणी हाक मारत होतं, चहाला, गप्पांना. मला नुसतं दिसत होतं की मुखवटा चढवून मी उभा आहे, समोर पोरं आहेत, मी धावतो आणि एक सापडतं. आणि माझे हात ते सोडत नाहीत.

त्या दिवशी मी ठरवलं. मुखवटा साहेबांना देऊन टाकायचा. गणाला सांगायचं, माझे गुडघे गेले, दुसरा माणूस बघा.

वस्तूची सध्याची स्थिती:

भाउजू देवळात गेली होती. दुपारचे बारा. मी कोठी उघडली, तांदूळ परातीत काढला, हात घातला. आधी लाल कापड लागलं. मग ते ओढताना भुसा आला. भुसा नव्हता. कुरतडलेला कागद होता.

उंदरांनी डावा गाल नेला होता. उजव्या गालावर हिरवी बुरशी चढली होती. डोळे तेवढे जसेच्या तसे, मोठे, माझ्याकडे. मी मुखवटा उलटा केला आणि आत तोंड घातलं.

तांदळाचा वास. फक्त तांदळाचा. थोडा उंदरांचा.

मी पुन्हा पुन्हा हुंगलं. सायकलचं तेल नव्हतं. तंबाखू नव्हता. मला इतकी भीती आधी कधी वाटली नव्हती, राखेच्या वेळीही नाही, ओल्या कपाळाच्या वेळीही नाही. दाजु तिथे नव्हताच. मी इतके दिवस काय लपवत होतो?

"गेला ना वास?"

भाउजू दारात उभी होती. हातात पूजेचं ताट.

"पहिला महिनाभर होता," ती म्हणाली. "मग कमी कमी होत गेला."

"तुला माहीत होतं?"

"कोठी कोणाची आहे? तू त्याला पुरलंस त्या दिवशी झाकणावरचं फडकं उलटं बांधलंस. वीस वर्षं मी ते बांधते." तिनं ताट खाली ठेवलं. "बाईमाणसानं हात लावू नये म्हणतात. मी हात लावला नाही. नाक लावलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मला पण हवा होता." ती परातीतल्या तांदळातून कागदाचे तुकडे वेचायला लागली. एक एक, बारीक बारीक, पदरात. "स्वप्नं खोटी नाहीत हं. रोज म्हणतो, सोड. मला वाटायचं, आज हा सांगेल, उद्या हा सांगेल. तू आपला चहावर साय आणत बसलास."

"साहेब काचेत ठेवतील. तिथे उंदीर नाहीत."

"वास राहील?"

मी मुखवटा कापडात गुंडाळायला लागलो.

"मग उठ," भाउजू म्हणाली. "नव्याचे डोळे रंगवायच्या आत."

*

पूर्ण बांच्या घरी मी उंबऱ्यातच बसलो. मुखवटा कापडात, मांडीवर. कापड सोडलं. सांगायला तोंड उघडलं आणि दात वाजायला लागले, भर दुपारी. भाउजूनं सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं.

पूर्ण बांनी कुरतडलेल्या गालावरून बोट फिरवलं. मग उठले, चौकटीवरचा गोळा घेतला आणि माझ्या समोर ठेवला.

"दुकान कोणाचं होतं? चौकातलं, निळ्या पाटीचं?"

"हो."

"माझ्या मुलाचं आहे." त्यांनी गोळा बोटानं उलटा केला. "तीन वर्षं सांगतो त्याला, कागदाचे ठेव, मी करून देतो. म्हणतो, बा, तुमचे सुकायला महिना लागतो आणि बसमध्ये फुटतात. पेट्या भरून प्लास्टिकचे मागवतो. गोळा हातात घेतला तेव्हाच मला वास ओळखू आला. वाटलं, आपल्याच घरचा माल देवांच्या चितेत गेलाय. कोणाला विचारणार होतो? मीच घाबरलो होतो रे. रोज त्याची धूळ पुसत होतो."

"आता काय करायचं, बा?"

"मातीची वेळ गेली. रंगाची आहे." त्यांनी पायात चपला घातल्या. "कसं असतं ते मला माहीत नाही. असं कोणी आधी केलेलं नाही. तुझ्याइतका मूर्ख पाचशे वर्षांत झाला नसेल."

"झाला असेल," भाउजू म्हणाली. "सांगितलं नसेल."

घाटावर आम्ही तिघंच. हनुमंते नदी गढूळ, भरलेली. लाकडं ओली, पेटेनात. मी खिसे चाचपले आणि साहेबांचा कागद हाताला लागला. घडी उलगडली. शेवटचे दोन रकाने कोरे होते, स्थिती आणि ठिकाण. तो कागद खाली सरकवला आणि काडी ओढली.

भाउजूनं पदरातले तुकडे आगीत सोडले. दोऱ्या मी सोडल्या. चार गाठी होत्या, माझ्याच हाताच्या. शेवटची सुटेना, तेव्हा दातांनी सोडली आणि मुखवटा आगीवर ठेवला.

धूर पांढरा निघाला. त्यानं धीर आला असं नाही. धुराला काय कळतं? तरी आम्ही तिघंही तो संपेपर्यंत बघत उभे होतो. अर्ध्या मिनिटापेक्षा नक्की जास्त.

राख दह्याच्या रिकाम्या मडकुलीत मावली.

साहेबांना मी निरोप पाठवला, काही उरलेलं नाही. आणि दसैंला या, बघायला. हवं तर फोटो काढा.

*

सध्याचे ठिकाण:

दसैंचा दहावा दिवस, सकाळ. नवा श्वेतभैरव माझ्या हातात. वाळला होता, रंग बसला होता. पांढऱ्यात चिमूटभर राख गेली होती, म्हणून बाकीच्यांपेक्षा किंचित करडा. की तसा मलाच दिसत होता, सांगता येत नाही.

मी चढवला. दोऱ्या ओढल्या. मुखवटा हलला. डोळ्यांच्या फटी नाकावर आल्या.

"सैल आहे," मी आतून म्हणालो.

पूर्ण बांनी दोन्ही गालांवर तळवे ठेवून हलवून पाहिला. त्यांचा चेहरा पडला. "मी आशाकाजीच्या मापाचा केला रे. अकरा वर्षं तेच माप. हात त्याच अंगानं गेला."

बाहेर वाद्यं सुरू झाली होती. चौक माणसांनी भरला होता, पुढच्या रांगेत पोरं, मासे व्हायला आलेली, आतापासूनच ओरडत. अंगात कोणी येतंय का, ते मी कान लावून ऐकत होतो. माझंच रक्त ऐकू येत होतं.

भाउजू पुढे आली. पांढऱ्या लुगड्याचा काठ दातांत धरला, फाडला. पुन्हा फाडला. दोन पट्ट्या घडी करून माझ्या हातात दिल्या; मुखवट्याला तिनं बोट लावलं नाही. मी त्या आत कोंबल्या, एक इकडे, एक तिकडे.

"बसला?"

"बसला."

"मग जा. पोरं थांबलीत."

मी पाऊल बाहेर टाकलं. आत खळीचा ओला वास होता, आणि दोन्ही गालांना लागून थोडं पांढरं कापड.